फुकटचं गॅरेज, वजन तीन टन

इंग्लंडमध्ये जुन्या सामानाच्या जाहिरातींत एक मजकूर हमखास सापडतो: काँक्रीटचं गॅरेज, फुकट, स्वतः सोडवून न्या. देणाऱ्याला परसात एखादी खोली वाढवायची असते किंवा झाडं लावायची असतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अरुंद गाड्यांच्या मापाने केलेल्या त्या गॅरेजात आजची गाडी शिरली, तरी तिचं दार धड उघडत नाही. पाडायला माणसं लावली तर वर पैसे मोजावे लागतात. त्यामुळे कुणी नेतो म्हटलं की मालक आनंदाने देतो. घेणाऱ्याचा खर्च मात्र तिथून पुढे सुरू होतो आणि तो कशाकशावर होणार, हे आधी कळलं तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

या गॅरेजचं एक बरं असतं. ते बांधलेलं नसतं, जोडलेलं असतं. कारखान्यात साच्यात ओतलेली, आत सळ्या असलेली काँक्रीटची पॅनेलं शेजारीशेजारी उभी करायची आणि बोल्टांनी आवळायची. मार्ले, कॉम्प्टन, बॅटली या कंपन्यांची अशी गॅरेजेस दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनभर उभी राहिली. महाराष्ट्रात प्लॉटभोवती किंवा फार्महाऊसला जे ‘रेडीमेड कंपाउंड’ घालतात, खांबांच्या खाचांत आडव्या पाट्या सोडून, ते याच कुळातलं.

कल्पना त्याहूनही जुनी आहे. लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी 1905 मध्ये आपल्या शहरात ओतलेली पॅनेलं लेचवर्थला नेली आणि तिथल्या स्वस्त घरांच्या प्रदर्शनात अख्खं घर उभं केलं. शहराचा कचरा जाळून उरलेली खंगर त्यांनी काँक्रीटमध्ये खडीऐवजी वापरली होती. ते घर आजही उभं आहे. फुटबॉलच्या गोलला जाळी लावण्याची युक्तीही याच ब्रॉडींची.

आता वजन. दोन मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर जाड असं एक पॅनेल धरलं, तर काँक्रीटच्या घनमीटरला 2,400 किलोच्या हिशेबाने ते 120 किलो भरतं. गॅरेज साधारण 4.9 मीटर लांब आणि 2.6 मीटर रुंद असलं, तर तीन बाजूंच्या भिंतीच तीन टनांच्या आसपास जातात. साडेतीन टनी व्हॅनमध्ये हे एका खेपेत नेऊ म्हणणाऱ्याची फसगत होते, कारण साडेतीन टनांत व्हॅनचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. माल जेमतेम टन-सव्वा टन बसतो. क्रेन असलेला लॉरीवाला महाग वाटतो, पण पाठीच्या मणक्यांचा विचार केला तर तोच स्वस्त.

सोडवताना क्रम पाळावाच लागतो: आधी छप्पर, मग कैच्या, मग दार आणि शेवटी भिंती. वर सरकणाऱ्या दाराची स्प्रिंग ताणलेली असते. तो ताण न उतरवता स्क्रू काढले, तर ती सुटून माणसाला जबर इजा करू शकते. पॅनेलं सुटी होऊ लागली की प्रत्येकाला आतून टेकू द्यायचा, कारण शेजारच्याच्या आधारानेच ती उभी असतात. प्रत्येक पॅनेलवर खडूने नंबर घालायचा आणि तोच नंबर कागदावरच्या नकाशात मांडायचा. अर्ध्या तासाचं हे काम टाळलं, तर नव्या जागी खिडकीचं पॅनेल भलतीकडे जातं.

बोल्ट क्वचितच सरळ फिरतात. गंजून नट आणि बोल्ट एकजीव झालेले असतात, तेल पाजूनही हलत नाहीत. मग ग्राइंडर लावून ते कापायचे; पान्याने जोर केला तर भोकाभोवतीचं काँक्रीट कपचा उडून फुटतं. नवे जस्त चढवलेले बोल्ट आणि मोठे वॉशर ही किरकोळ खरेदी आहे. पण पॅनेलांच्या तळाशी सळी गंजून फुगली असेल आणि काँक्रीट सुटलं असेल, तर गॅरेज फुकट मिळालं तरी घेऊ नये. तो गंज आतून वाढतच राहतो.

सगळ्यात जपायचं ते छप्पर. जुन्या गॅरेजांवर बहुधा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पन्हळी पत्रे असतात, महाराष्ट्रात ज्यांना नुसतं ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतात तेच. ब्रिटनने 1999 मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली आणि ती जुन्या पत्र्यांच्या पुनर्वापरालाही लागू आहे. म्हणजे भिंती नेल्या तरी ते छप्पर पुन्हा चढवता येत नाही. पत्रे ओले करून, न फोडता, अखंड उतरवायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि स्थानिक कौन्सिल सांगेल तिथेच द्यायचे. तोंडाला साधं फडकं बांधून भागत नाही, बारीक तंतू अडवणारा एफएफपी 3 दर्जाचा मास्क लागतो. हे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून होणारा कर्करोग कित्येक दशकांनी वर येतो. भारतात असे पत्रे आजही राजरोस विकले जातात आणि पावसाळ्यापूर्वी हाताने फोडून बदलले जातात. तिथेही ही काळजी तितकीच गरजेची आहे.

नव्या जागी निम्मं यश जमिनीतच ठरतं. मुरूम-खडी धुमसून त्यावर 10 ते 15 सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर, पाणसळीत आणि गुण्यात. गुण्या तपासायला दोन्ही कर्ण मोजायचे. वर सांगितलेल्या मापाला ते साडेपाच मीटरच्या किंचित पुढे, सुमारे 5.55 मीटर, आणि दोन्ही सारखेच यायला हवेत. बोटभर जरी फरक राहिला तरी शेवटच्या पॅनेलची भोकं जुळत नाहीत आणि दार अडकतं.

उभारणी मागच्या कोपऱ्यातून सुरू होते. सगळे बोल्ट आधी हातानेच बसवायचे, भिंती ओळंब्यात आणायच्या आणि मगच आवळायच्या. सांध्यांत मॅस्टिक भरायचं. आतून, जमीन आणि भिंत मिळते तिथे, गच्चीच्या कठड्याला काढतात तसा सिमेंटचा वाटा काढायचा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी खालून आत येतं.

परवानगीचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये हद्दीपासून दोन मीटरच्या आत 2.5 मीटरपेक्षा उंच नसलेलं आणि घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे न येणारं गॅरेज बहुतेक घरांना वेगळ्या परवानगीशिवाय चालतं. वारसा म्हणून जपलेल्या घरांचे नियम कडक आहेत, तिथे आधी कौन्सिलला विचारावं. नवं छप्पर बहुतेक जण ॲस्बेस्टॉस नसलेल्या फायबर-सिमेंटचं किंवा धातूच्या पत्र्याचं घालतात. धातूचा पत्रा घेतला तर खालच्या बाजूला लोकरीसारखा थर असलेलाच घ्यावा, कारण इंग्लंडच्या थंडीत उघड्या पत्र्याखाली दव धरतं आणि रात्रभर गाडीच्या टपावर टपटपत राहतं.