पाणी उकळेपर्यंत

लंडनच्या वायव्येला केन्सल राइज नावाची वस्ती आहे. तिथल्या एका गारठलेल्या फ्लॅटमध्ये थंडीच्या एका रात्री टॉम सार्जंट येतो. बऱ्याच रेस्टॉरंटांचा मालक, पन्नाशीच्या आसपासचा, वर्षभरापूर्वी बायको गेलेली. फ्लॅट किराचा. ती अठराव्या वर्षी त्याच्याकडे नोकरीला लागली, त्याच्याच घरी राहिली, त्याच्या बायकोची मैत्रीण झाली आणि सहा वर्षं त्याची प्रेयसीही होती. बायकोला, अ‍ॅलिसला, कळलं त्याच दिवशी किरा घर सोडून गेली. आता ती पूर्व लंडनमधल्या एका गरीब वस्तीच्या शाळेत शिकवते. मधे तीन वर्षं गेली आहेत. डेव्हिड हेअरचं ‘स्कायलाइट’ हे नाटक एवढ्यावर उभं आहे. पात्रं तीन, खोली एक, रात्र एक.

१९९५ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रिचर्ड एअर यांच्या दिग्दर्शनाखाली ते पहिल्यांदा झालं. मायकेल गॅम्बन आणि लिया विल्यम्स मुख्य भूमिकांत होते. २०१४ साली बिल नाय आणि कॅरी मलिगन यांनी ते पुन्हा केलं. पण मला या नाटकाचं खरं घर हौशी रंगभूमी वाटते, आणि तसं वाटण्याचं कारण त्यातल्या स्वयंपाकात आहे.

पहिल्या अंकात किरा स्पॅगेटी करते. करण्याचा अभिनय नव्हे, खरंच करते. कांदा चिरायचा, तेल तापवायचं, सॉस परतायचा, पातेल्यात पाणी ठेवायचं आणि हे सगळं चालू असताना सहा वर्षांच्या नात्याचा हिशोब बोलायचा. टॉम हॉटेलवाला, त्याला राहवत नाही. सॉस कसा करावा यावर तो मतं देऊ लागतो आणि आपल्याला क्षणात कळतं की या दोघांचं एकत्र काम करणं कसं असेल. कोण शिकवायचं, कोण ऐकायचं, आणि आता कोण ऐकणार नाही. ‘तुझ्यावर माझा अजून जीव आहे’ हे वाक्य कुणी न उच्चारता शेगडीपाशी ऐकू येतं.

जुन्या प्रेमिकांचं नाटक हौशी संचाने करायला घेतलं की पहिल्या आठवड्यात एकच दुखणं समोर येतं: हातांचं करायचं काय? कलाकार एकमेकांकडे बघत राहतात, आवाज खाली नेतात, प्रत्येक वाक्याआधी श्वास सोडतात. दिग्दर्शक ‘भावना कमी कर’ म्हणतो तेव्हा त्या कमी होत नाहीत, फक्त हळू होतात. हेअरने नटीच्या हातात सुरी दिली आहे. चिरताना ओठ आवळून रडता येत नाही, बोट कापलं जाईल. त्यामुळे वाक्य आपोआप साधं येतं. नाटकवाले ज्याला बिझनेस म्हणतात, तो इथे सजावटीचा नाही, अभिनयाचा कणा आहे.

अर्थात त्याची किंमत तालमीत मोजावी लागते. पाणी कुणाच्या संवादाची वाट बघत नाही. ‘उकळलं’ म्हणायच्या वेळी ते उकळलेलं हवं, म्हणून विंगेत ते आधीच तापवून ठेवावं लागतं. कांदा कोणत्या वाक्यावर तेलात पडला तर कोणत्या वाक्यापर्यंत करपणार नाही, हे घड्याळ लावून ठरवावं लागतं. तेल फार तापलं तर चुरचुर इतकी होते की मागच्या रांगेला संवाद जात नाही. उघडी आग वापरायची तर अग्निसुरक्षेचे नियम आडवे येतात, म्हणून विजेची शेगडी बरी. आणि रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा खरा कांदा आणणाऱ्या संचाची मला काळजी वाटते. प्रॉपर्टी पहिल्या आठवड्यापासून हातात हवी. वास प्रेक्षकांपर्यंत गेला की सभागृह बदलतं, नाटक लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतं.

ब्रिटनमध्ये हौशी नाटक म्हणजे शाळेच्या हॉलमधली करमणूक एवढंच नाही. स्वतःच्या मालकीचं किंवा ताब्यातलं नाट्यगृह असलेल्या शंभराहून अधिक हौशी संस्था लिटल थिएटर गिल्ड या १९४६ सालच्या संघटनेत आहेत. लंडनच्या ईलिंग भागातली क्वेस्टर्स १९२९ सालची. न्यूकॅसलचं पीपल्स थिएटर १९११ मध्ये तिथल्या समाजवादी मंडळींनी सुरू केलं, पक्षाला पैसे उभे करायला. इथले नट दिवसा बँकेत, दवाखान्यात, शाळेत असतात. प्रयोगाचे हक्क मात्र त्यांनाही रीतसर घ्यावे लागतात, दर प्रयोगामागे फी भरून. एखादी व्यावसायिक निर्मिती येणार असेल तर हौशींचे हक्क काही काळ थांबवलेही जातात.

दिवसभर वर्गात उभी राहिलेली एखादी खरी शिक्षिका संध्याकाळी किरा करते, तेव्हा वह्यांचा गठ्ठा टेबलावर टाकण्याची तिची पद्धत कोणत्याही नाट्यशाळेत शिकवून येणार नाही. हौशीपणाची ही श्रीमंती आहे. तिला ‘व्यावसायिकांच्या खालोखाल’ म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा हौशी संघांच्याच जिवावर उभी आहे, आणि ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेने प्रथम स्पर्धेतच केलं. पण स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत संघाला एकच प्रयोग मिळतो. महिनोन्महिने तालीम, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, टेम्पोतून आलेलं नेपथ्य, आणि एक संध्याकाळ. तिथे शेगडी पेटली नाही तर ती उद्या पेटेल असं म्हणता येत नाही. तरीही मी संघांना सांगेन की चूल खरी ठेवा.

‘स्कायलाइट’च्या दुसऱ्या अंकात मात्र शेगडी मदतीला येत नाही. मध्यरात्र उलटलेली, दोघं पुन्हा जवळ आलेली, आणि नेमकं तिथूनच भांडण पेटतं. टॉम आपल्या ड्रायव्हरला बाहेर गाडीत ताटकळत ठेवतो, तेवढ्यावरून किराला त्याचं सगळं जगणं दिसतं. तो म्हणतो, तू या गरीब वस्तीत स्वतःला शिक्षा करून घेते आहेस. ती म्हणते, तू माझ्या कामाकडे कधी पाहिलंच नाहीस. थॅचरबाईंच्या काळात पैसा केलेला माणूस आणि त्याच काळाने मागे टाकलेल्या मुलांची शिक्षिका, असा तो सामना आहे. तिची पत्रं अ‍ॅलिसच्या हाती लागावीत अशी तो ठेवून गेला होता, हा तिचा आरोप तर सगळ्यात खोल जातो. इथे दिग्दर्शकाने बाजू घेतली की नाटक संपलं. किरा साध्वी आणि टॉम शेठजी, असं झालं की प्रेक्षक लगेच निकाल लावून मोकळे होतात. टॉमने आजारी बायकोला पडल्या पडल्या आभाळ दिसावं म्हणून छताला मोठी काच बसवली. नाटकाचं नाव त्या काचेवरून आलं आहे. ती काच प्रेमाची होती की अपराधाची, हे टॉम करणाऱ्या नटाला स्वतःशी ठरवावं लागतं, आणि ते ठरवल्यावर कुणालाही न सांगणं त्याला जमलं पाहिजे.

तिसरं पात्र टॉमचा मुलगा एडवर्ड. सुरुवातीला येतो आणि थेट शेवटी, सकाळी, किरासाठी उंची हॉटेलातली न्याहारी घेऊन. हौशी संच ही भूमिका बहुधा ‘एक पोरगा लागतो’ म्हणून शेवटी भरतात. तिथेच चुकतं. आई गेलेली, बाप घुसमटलेला आणि जिव्हाळ्याची किरा अचानक नाहीशी झालेली, असा हा अठरा वर्षांचा मुलगा आहे. टॉम आणि किराच्या प्रेमाची, न मागता वाट्याला आलेली किंमत भरणारा तो. त्यामुळे माझ्या मते निवड त्याच्यापासूनच सुरू करावी. आधी एडवर्ड शोधा, मग त्याच्या बापाचं वय ठरवा आणि किरा सगळ्यात शेवटी.