शिकोकूची पदयात्रा : आमचा बेत आणि त्यांतील दुरुस्ती

तीर्थयात्रा पायींच करावी, असें आपल्या वाडवडिलांचें मत होतें. परंतु साठी उलटल्यावर परदेशीं जाऊन, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, दीड महिना चालत राहावें असें आम्हांला सुचावें, हें घरांतील मंडळींस प्रथम थोडें हास्यास्पदच वाटलें. निमित्त झालें जपानांतील शिकोकू बेटाचें. तेथें ८८ देवालयांची एक परिक्रमा आहे. तिची लांबी सुमारें १२०० किलोमीटर असून पायीं चालणारास ती पुरी करण्यास साधारणतः चाळीस ते पन्नास दिवस लागतात.

ही परिक्रमा कूकाई ऊर्फ कोबो दाइशी या आचार्यांच्या नांवानें चालते. इ. स. ७७४ मध्यें त्यांचा जन्म याच बेटावर झाला. ८०४ सालीं ते चीनमध्यें गेले, चांगआन नगरींत प्रज्ञ नांवाच्या भिक्षूपाशीं त्यांनीं संस्कृताचे पाठ घेतले, आणि ८०६ मध्यें स्वदेशीं परतून मंत्रयानाचा शिंगोन संप्रदाय स्थापिला. तेथील देवळांतून सिद्धम् लिपींतील बीजाक्षरें आजही पाहावयास मिळतात. बेटाचे चार प्रांत हे साधनेचे चार टप्पे मानले आहेत : आवा हा बोधिचित्ताचा, तोसा हा चर्येचा, इयो हा बोधीचा आणि सानुकी हा निर्वाणाचा. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या आमच्यासारख्या शिक्षकाला याहून मोठें आमंत्रण कोणतें ?

आम्हीं लगेच वही उघडली. १२०० किलोमीटर आणि ४५ दिवस. रोज सत्तावीस किलोमीटर. शाळेंत वार्षिक अभ्यासक्रमाची वांटणी करीत असूं, तशीच रकाने पाडून वाटचालीची वांटणी केली व मोठ्या समाधानानें ती वही घरांत दाखविली. सौभाग्यवतींनीं ती शांतपणें वाचली आणि विचारलें, “अहो, यांत पावसाचा दिवस कुठें आहे ? आणि तुमच्या गुडघ्याचा ?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

उत्तर शोधावें म्हणून आम्ही सॅक भरून सिंहगडावर गेलों. वजन भरलें बारा किलो. त्यांत एक जाडजूड संस्कृत कोशही होता! पहिल्या दिवशीं गड चढलों, उतरलों, आणि तरुणांसारखे मिरवीत घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं तोच गड पुन्हा चढूं लागलों, तों अर्ध्या वाटेवर उजव्या गुडघ्यानें साफ नकार दिला. त्या दगडावर बसून जें कळलें, तें कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षां मोलाचें ठरलें. एक दिवस चालणें ही हौस आहे; लांबच्या पदयात्रेची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं सकाळीं होते. म्हणून बेत आंखावयाचा तो आज किती चालवेल यावर नव्हे, तर उद्यां पुन्हा उठवेल कीं नाहीं यावर.

शिकोकूवर ही परीक्षा फार लवकर येते. ११ वें देवालय फुजिइदेरा येथून १२ वें शोसान्जी जवळजवळ तेरा किलोमीटर दूर, सुमारें सातशे मीटर उंचीवर आहे. वाट जंगलांतून जाते, चढते, उतरते व पुन्हा चढते. मध्यें दुकान नाहीं. अशा ठिकाणीं कोश उपयोगी पडत नाहीं. आतां आम्हीं शरीराच्या वजनाचा दशांश हीच ओझ्याची मर्यादा ठरविली आहे.

प्रवासाच्या इतर गोष्टीही आगाऊ पाहाव्या लागतात. जून-जुलैंत पाऊस, ऑगस्टांत उकाडा आणि सप्टेंबरांत वादळें. म्हणून वसंत किंवा शरद ऋतूच बरा. व्हिसा येथूनच काढावा लागतो. डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें महिन्याहून अधिक पुरतील इतकीं न्यावयाचीं, तर जपान सरकारची आगाऊ परवानगी लागते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारांनीं हें विसरूं नये. लहान निवासांत पुष्कळदां रोख पैसेच द्यावे लागतात. शाकाहाराचा प्रश्न सर्वांत बिकट. ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं, कारण दाशी नांवाचा रस्सा बहुधा सुक्या माशांचा असतो व तो भाज्यांतही घालतात. यासाठीं ‘मासे नकोत, माशांचा रस्साही नको’ असें जपानी भाषेंत लिहिलेलें पत्रक आम्हीं तयार करवून घेतलें आहे. शिवाय भात, टोफू, फळें व रताळीं आहेतच.

यात्रेकरूच्या हातीं कोंगोझुए, म्हणजे वज्रदंड, असतो. तो साक्षात् आचार्यांचें रूप मानतात. मुक्कामीं पोहोंचल्यावर आपल्या पायांआधीं काठीचें टोक धुवावयाचें, अशी चाल आहे. वाटेंतील गृहस्थ यात्रेकरूंस फळें, चहा, कधीं पैसेही देतात. त्यास ओसेत्ताइ म्हणतात. तें नाकारूं नये, उलट आपलें नांव लिहिलेली चिठ्ठी द्यावी. प्रतिग्रहास संकोचणाऱ्या आमच्यासारख्यांना ओझें उचलण्यापेक्षां हेंच अधिक कठीण जाईल, अशी भीति वाटते.

शेवटीं वहींतील रकाने खोडून नवा बेत केला. एका वेळीं एकाच प्रांताची यात्रा करण्याची रीत तेथें आहे. तिला इक्कोकु-माइरी म्हणतात. आम्ही यंदा फक्त आवा प्रांत करणार : पहिल्या र्योझेन्जीपासून तेविसाव्या याकुओजीपर्यंत, सुमारें दोनशे किलोमीटर, एकवीस दिवसांत. त्यांत तीन दिवस पावसाचे व दोन गुडघ्याचे. उरलेले तीन प्रांत होतील कीं नाहीं, हें आमच्या वयाला विचारणें बरें नव्हे. पण पहिला प्रांत बोधिचित्ताचा आहे, म्हणजे निश्चयाचा. आणि निश्चय करावयास साठी उलटलेली असली तरी उशीर झालेला नसतो. सौभाग्यवतींनीं नवी वही पाहिली, आणि यावेळीं त्यांनीं एकच प्रश्न केला : “दुसरी सॅक कुठें मिळते ?”