शस्त्रधारा : निशाण आणि संस्थापन

शल्यकर्मात वैद्याचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकीच शस्त्राची धारही महत्त्वाची. काही वर्षांपूर्वी आम्ही आमचे लेखनशस्त्र रस्त्यावरील धारवाल्याकडे दिले. ते चकाकत परत आले. परंतु पुढील व्रणलेखनात रुग्ण कळवळला. धारेवर निळसर झाक होती. कोरड्या, वेगवान चाकाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरले होते. दोष शस्त्राचा नव्हे, आमच्या अनवधानाचा होता.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ८ व्या अध्यायात या विषयाचा क्रमवार विचार केला आहे. प्रथम पायना, म्हणजे पोलादाला पाणी देणे. ती क्षार, उदक व तैल अशी त्रिविध. मग निशाणासाठी माषवर्णाची श्लक्ष्ण शिला आणि धारासंस्थापनासाठी शाल्मलीफलक. सर्व शस्त्रांना एकच धार मात्र सांगितलेली नाही. भेदनशस्त्रांची धार मसुराएवढी, लेखनाची अर्धमसुराएवढी, व्यधन व विस्रावणाची केसाएवढी आणि छेदनाची अर्ध्या केसाएवढी. खरधारा हा शस्त्रदोष. परंतु अस्थिच्छेदनाच्या करपत्रास तोच गुण ठरतो.

शिलेच्या निवडीचे तत्त्व सरळ आहे. घर्षक द्रव्य पोलादाहून कठीण हवे. मोहस् मापाने स्फटिक ७, कुरुंद ९. सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही किंचित कठीण. काठिण्य जितके अधिक, तितके घर्षण शीघ्र; कण जितके सूक्ष्म, तितकी धार श्लक्ष्ण. खांडे पडले असतील तरच भरड शिला घ्यावी; केवळ बोथटपणासाठी सूक्ष्म शिला पुरते. भरड शिलेवरच थांबल्यास धारेवर सूक्ष्म दाते राहतात आणि धातू कापण्याऐवजी फाटतात. शिलेचा पृष्ठभाग सपाट असावा. मध्यभागी झिजलेली शिला धारेचा कोन बिघडवते.

घासताना शिला पाण्याने किंवा तेलाने ओली ठेवावी, मूळ कोन राखावा, दाब हलका द्यावा. एका बाजूने घासल्यावर दुसरीकडे सूक्ष्म वळ येतो. तो काढण्यासाठी धार मागे ठेवून शस्त्र मृदू पृष्ठावर ओढावे. न्हाव्याच्या चामड्याच्या पट्ट्याचे हेच कार्य. मऊ लाकडाचा शाल्मलीफलकही आमच्या मते याच हेतूने सांगितला असावा.

परीक्षाही ग्रंथोक्तच : सुनिशित शस्त्र रोमच्छेदी असते. परीक्षा निर्जंतुकीकरणापूर्वीच करावी. वापरलेले शस्त्र आधी स्वच्छ व निर्जंतुक करून मगच शिलेवर घ्यावे. धार लावल्यावर धातुकण व तेल धुऊन पुन्हा निर्जंतुक करावे. एकदाच वापरावयाची पाती मात्र कदापि पुन्हा पाजवू नयेत. ती टाकूनच द्यावीत.

बोथट शस्त्रास अधिक दाब लागतो. अधिक दाबाने हात घसरतो, धातू चिरडतात, व्रणरोपण लांबते. म्हणून वैद्यबंधुभगिनींनी शस्त्रकर्माच्या पूर्वसंध्येस आपली शस्त्रे स्वतः पाहावीत. पूर्वकर्माचा आरंभ तेथूनच होतो.