पोकळ गिटार : गोडवा आणि गोंगाट

सभामंडपात वक्त्याने मायक्रोफोन कर्ण्यासमोर नेला, की एकाएकी कर्णकर्कश शीळ घुमते. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, अधिक मोठा होऊन बाहेर पडतो आणि हे चक्र क्षणार्धात वाढत जाते. या क्रियेला ‘फीडबॅक’ म्हणतात. पोकळ अंगाची विद्युत गिटार विकत घेणाऱ्याने ती प्रथम समजून घेणे हिताचे ठरते.

मोठ्या वाद्यवृंदात साध्या गिटारचा नाद लोपून जात असे. त्यावर उपाय म्हणून पोलादी तारांखाली चुंबकीय पिकअप बसवण्यात आला. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ‘ईएस-१५०’ ही अशी गिटार बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चन या जॅझवादकाने तिला लौकिक मिळवून दिला. तारांबरोबर पोकळ लाकडी अंगही कंप पावते. म्हणूनच तिचा स्वर भरदार आणि उबदार वाटतो.

परंतु जे अंग तारांच्या कंपनांना साद देते, तेच स्पीकरच्या आवाजालाही साद देते. त्याची कंपने तारांपर्यंत पोहोचतात, पिकअप ती टिपतो आणि शीळ सुरू होते. डिस्टॉर्शनमध्ये ही अडचण वाढते. त्यात ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि क्षीण कंपनेही मोठी होऊन ऐकू येतात.

म्हणून निवड वादनप्रकारानुसार करावी. स्वच्छ, मृदू स्वरासाठी पूर्ण पोकळ गिटार शोभते. डिस्टॉर्शन वापरायचे असल्यास अर्धपोकळ गिटार सोयीची. १९५८ मध्ये आलेल्या ‘ईएस-३३५’ या गिटारच्या मध्यभागी भरीव लाकडी ठोकळा आहे. त्यामुळे अंगाचे कंपन आवरते आणि पोकळीचा गोडवाही काही अंशी टिकतो. अतितीव्र डिस्टॉर्शनसाठी मात्र भरीव गिटारच उचित. दुकानात गिटार ध्वनिवर्धकाला जोडून, डिस्टॉर्शन सुरू करून, तारा न छेडता काही क्षण थांबावे. ती आपणहून गुणगुणू लागली, तर त्यातून तिचा स्वभाव कळतो.

वादनाच्या वेळी स्पीकरपासून दूर आणि थोडे तिरके उभे राहावे. डिस्टॉर्शनचे प्रमाण कमी ठेवावे. ज्या तारा वाजवायच्या नसतील, त्या तळहाताने दाबाव्यात. वादनात विराम येताच गिटारवरील आवाजाचे बटण खाली आणावे. गिटारच्या अंगावरील छिद्रे झाकल्यानेही फरक पडतो. विख्यात ब्लूज वादक बी. बी. किंग छिद्रांत कापड कोंबत असत. पुढे त्यांच्या ‘ल्युसिल’ या गिटारची छिद्रे नसलेली आवृत्तीच निघाली.

हा दोष आवरता आला, तर त्याचा अलंकारही होतो. १९६४ मध्ये बीटल्स या वाद्यवृंदाने ‘आय फील फाइन’ या गीताच्या आरंभीच फीडबॅकचा नाद योजला होता. वाद्याचा गुण आणि दोष पुष्कळदा एकाच पोकळीतून जन्म घेतात. ती पोकळी ओळखून वाजवतो, त्याच्याच हाती वाद्य राहते.