कडाक्याच्या थंडीत कॅमेरा सापळा : योग्य सेलची निवड

रायपूर शहरात जानेवारीतही किमान तापमान सरासरी 13 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या घरात भिंतीवरच्या घड्याळाला वर्षभर पुरणारा साधा पेन्सिल सेल कॅमेरा सापळ्यात घालून मैनपाटच्या पठारावर लावला, तर चित्र पालटते. तेथे हिवाळ्यात गवतावरील दव गोठते. शिवाय घड्याळाला अत्यल्प प्रवाह लागतो, तर रात्रीचे छायाचित्र घेताना अवरक्त दिव्यांना क्षणभर मोठा प्रवाह लागतो. थंडी आणि मोठी मागणी एकत्र आली की सेल कमी पडतो.

शेतीशी संबंध

पिकांचे नुकसान रानडुकराने केले, नीलगाईने की हत्तीने, यावर उपाययोजना ठरते. सेल मध्येच बंद पडला तर रिकामे कार्ड पाहून ‘प्राणी आलाच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि कुंपणावरील खर्च वाया जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथील ऊसपट्ट्यात याच तंत्राने अभ्यास झाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. 2019 ते 2023 या काळात झालेल्या देशाच्या पहिल्या हिमबिबट्या गणनेत हिमालयातील 1,971 ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांत 241 वेगवेगळ्या हिमबिबट्यांची नोंद झाली आणि एकूण संख्या 718 असल्याचा अंदाज मांडण्यात आला. शून्याखालील तापमानात अशा कामाचा भार सेलवरच असतो.

थंडीत सेल का मंदावतो?

सेलमधील वीज रासायनिक अभिक्रियेतून निर्माण होते. तापमान घटले की ही अभिक्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि प्रवाहाची मागणी होताच व्होल्टेज कोसळते. कॅमेरा बंद पडतो. परंतु सेलमधील ऊर्जा संपलेली नसते. घरात ऊब मिळाल्यावर तोच सेल पुन्हा चालू लागतो. म्हणून थंडीत बंद पडलेल्या कॅमेऱ्यात बिघाड आहे, असे लगेच समजू नये.

प्रकारनिहाय निवड

- अल्कलाइन : स्वस्त व सर्वत्र उपलब्ध. यातील द्राव पाण्यावर आधारित असल्याने उणे 18 अंशांखाली निरुपयोगी ठरतो. शून्याजवळही क्षमता बरीच घटते. सौम्य हिवाळ्यासाठी व अल्प मुदतीसाठी योग्य.
- निकेल-मेटल हायड्राइड : पुन्हा प्रभारित करता येतो व थंडीत अल्कलाइनपेक्षा सरस ठरतो. व्होल्टेज 1.5 ऐवजी 1.2 असल्याने कॅमेऱ्याला तो चालतो का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. आठवड्याला फेरी शक्य असलेल्या शेतकऱ्यास किफायतशीर.
- एकदाच वापराचा लिथियम (1.5 व्होल्ट) : यात पाणी नसते, उणे 40 अंशांपर्यंत चालतो, वजनाने हलका. महाग असला तरी दुर्गम व अतिथंड जागी हाच निवडावा. व्होल्टेज अखेरपर्यंत जवळपास स्थिर राहत असल्याने कॅमेऱ्यावरील दर्शक ‘पूर्ण’ दाखवत असतानाच सेल अचानक संपू शकतो. म्हणून बदलण्याची तारीख नोंदवहीतून ठरवावी.
- सौर पॅनेलसह लिथियम-आयन : शून्याखाली प्रभारण केल्यास घटाचे कायमचे नुकसान होते. कमी तापमानात प्रभारण थांबवणारी सुरक्षा यंत्रणा असलेलाच संच घ्यावा.
- बाह्य शिसे-आम्ल बॅटरी : पूर्ण प्रभारित ठेवावी, रिकामी झाल्यास आतील द्राव गोठून ती फुटू शकते.

वापरताना घ्यावयाची काळजी

1. एका कॅमेऱ्यात एकाच प्रकारचे, एकाच कंपनीचे व एकाच वेळी खरेदी केलेले सेल घालावेत.
2. चित्रफितीऐवजी छायाचित्रांची मांडणी निवडावी. हलणारे गवत समोरून काढावे, म्हणजे निरर्थक छायाचित्रे टळतात.
3. प्रत्येक फेरीत कॅमेऱ्यासमोरून चालून स्वतःचे छायाचित्र घ्यावे. निघताना व परतताना अशी दोन्ही छायाचित्रे मिळाली, तरच मधल्या काळातील रिकाम्या रात्री खऱ्या मानाव्यात.
4. वनक्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावू नये.

सेलची किंमत नगामागे न मोजता कॅमेरा प्रत्यक्ष चालू राहिलेल्या रात्रींमागे मोजावी. विस्तार कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यांसमोर मांडल्यास दुर्गम, थंड जागी महाग सेलच अखेरीस स्वस्त पडतो, हे सहज पटेल.