डबा पचत नाही, म्हणून नळी काढायची?

अर्धांगवायूचा झटका आला, गिळता येईना, की हॉस्पिटलात नाकातून पोटात नळी घालतात. पावडरच्या डब्याचं नाव लिहून देतात आणि घरी सोडतात. मग वस्तीतून फोन येतो, "ताई, बाबांना डबा पचत नाही. जुलाब लागलेत, पोट फुगतंय. नळी काढून टाकू का?"

यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक पोटाचा, दुसरा माणसाच्या जगण्याचा. आधी पोटाचा बघा.

जुलाबाला दर वेळी डबाच कारण नसतो. फीड भरभर ढकललं, फ्रीजमधून काढून थंडच दिलं, सकाळी कालवलेलं दुपारी दिलं, तरी जुलाब होतात. अँटिबायोटिकने होतात. काही गोड पातळ औषधांत सॉर्बिटॉल असतं, त्यानेही होतात. म्हणून दट्ट्या दाबू नका. सिरिंज वर धरा आणि फीड आपोआप उतरू द्या. रुग्णाची पाठ ३० ते ४५ अंश उंच ठेवा, फीडनंतरही तासभर तशीच. एवढं करूनही थांबलं नाही तर डब्यात लॅक्टोज आहे का, दुसरा डबा चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. प्रथिनं आधीच बारीक तोडलेली पावडरही मिळते, पण ती आणखी महाग.

आणि इथेच घरोघरी एक गोष्ट गुपचूप होते. चार चमच्यांच्या जागी दोन चमचे पावडर, बाकी पाणी. किंवा नुसतं वरणाचं पाणी. पोट शांत होतं, कारण पोटात काही जातच नाही, आणि माणूस वाळत जातो. मी यात सुनेला दोष देत नाही. डबा लिहून देताना "परवडेल का?" हे न विचारणाऱ्याला देते. तुम्हीच सांगा, लाजू नका. सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतात. भात, डाळ, अंडं, तेल मोजून, मिक्सरमधून काढून, गाळून फीड कसं करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. दोन तासांवर बाहेर राहिलेलं फीड टाकून द्या. नळीचं टोक आतड्यात असेल तर विचारल्याशिवाय घरचं काही देऊ नका. पोट दगडासारखं झालं, उलटी थांबेना किंवा धाप लागली, तर फीड बंद करा आणि रुग्णालय गाठा.

आता दुसरा प्रश्न. पैसे नाहीत म्हणून नळी काढणं आणि शरीर आता अन्न घेतच नाही म्हणून काढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरिबी आहे, तिला "त्यांची सुटका झाली" असं नाव देऊ नका. दुसरी खरी असू शकते. आजार शेवटाला आला की अन्न अंगी लागत नाही, उलट छातीत जाऊन धाप वाढवतं. तेव्हा फीड कमी करणं म्हणजे उपाशी मारणं नव्हे.

रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्यालाच विचारा. मान हलवेल, हात दाबेल. नळी ओढतो म्हणून हात बांधण्यापूर्वी बघा, नाक सोललंय का, पट्टी खाजतेय का. की त्याला नळी नकोच आहे?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना त्यांच्या सहकारी परिचारिकांनी वर्षानुवर्षं भरवलं. त्यांचं अन्न थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नाकारली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयाने मानलं. २०१८ साली न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र मान्य केलं, २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. पण निर्णय डॉक्टरांच्या मंडळामार्फतच होतो. घरी कुणी नळी ओढून काढायची नाही.

डॉक्टरांशी बोलायला जाल तेव्हा फक्त थोरल्या मुलाला पाठवू नका. रोज फीड देणारी जी कुणी आहे, सून असो वा लेक, तिला बरोबर न्या. किती दिलं, किती उलटलं, बाबा कशाला तोंड फिरवतात, हे तिलाच माहीत असतं.