तपासणी जेव्हा घरी येते

कर्करोग हा शब्द ऐकताच मन खचते. परंतु गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, संसर्ग दीर्घकाळ टिकला तर पेशींत बदल होऊ लागतात. त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः 15 ते 20 वर्षे लागतात. एवढा अवधी हाती असूनही स्त्रिया दगावतात, कारण तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाच्या स्त्रियांचा अनुभव हेच सांगतो.

हैतीत पॅप तपासणीला लागणाऱ्या प्रयोगशाळा व तज्ज्ञ मोजकेच आहेत. 12 जानेवारी 2010 चा भूकंप आणि अलीकडचा हिंसाचार यांनी दवाखान्याची वाट अधिकच बिकट केली. आजार बळावल्यावर लागणाऱ्या किरणोपचारासाठी तेथील रुग्णांना परदेशाची वाट धरावी लागत आली आहे. म्हणूनच तेथे प्रतिबंधाचे मोल अधिक.

देश सोडल्याने अडचणी संपतात असे नाही. अमेरिकेतील मायामी शहराच्या ‘लिटिल हैती’ वस्तीत अनेकींना विमा नाही, इंग्रजी नीट येत नाही आणि परक्या माणसाकडून तपासून घेण्याचा संकोच वाटतो. तेथे मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी वस्तीतल्याच, हैतीची क्रियोल भाषा बोलणाऱ्या आरोग्यसेविकांना सोबत घेतले. त्या घरोघरी गेल्या, शंकांना उत्तरे दिली आणि नमुना स्वतःच घेण्याचे साधन हाती दिले. मऊ बोळ्याने योनिमार्गातील नमुना घरच्या एकांतात घेता येतो, हे कळल्यावर पूर्वी तपासणी टाळणाऱ्या अनेकजणी तयार झाल्या.

अशा चाचणीचे महत्त्व आपल्या मातीतही सिद्ध झाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. मायामीत तेच काम स्त्रियांनी स्वतः केले.

चाचणीत विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. मात्र पुढील तपासणी टाळू नये. पेशींतील बदल वेळीच सापडल्यास ते गोठवून अथवा उष्णता देऊन नष्ट करता येतात.

ज्येष्ठ भगिनींनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पाळी थांबल्याने हा धोका संपत नाही. रजोनिवृत्तीनंतर थोडाही रक्तस्राव झाला, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून तो अंगावर काढू नये. ज्यांची आजवर एकदाही तपासणी झालेली नाही, त्यांनी वयाची साठी उलटली तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नातींना 9 ते 14 या वयात लस मिळावी, यासाठी आजीचा शब्द मोलाचा ठरतो. लिटिल हैतीत जे आरोग्यसेविकेने केले, ते घरात आजी, मुलगी किंवा सून करू शकते: संकोच न करता हा विषय काढणे आणि सोबत जाणे.